पाट्या बदला

कोळंबखेडच्या शाळेचं नाव सलग तिसऱ्या महिन्यात लाल रंगात आलं, तेव्हा कालिंदी नरवाडे बाई व्हरांड्यात उभ्या राहून पहिलीतल्या एका मुलाच्या नाकावरचा खडू पदराने पुसत होत्या. फोन केंद्रप्रमुख सय्यद सरांचा होता.

"बाई, जिल्ह्याची यादी पाहिली का?"

"पाहिली नाही. पण तुमच्या आवाजावरून कळली. चारशे बारा शाळांत आमचं नाव वरून शोधू की खालून?"

"खालूनच शोधा. लवकर सापडेल." सय्यद सर हसले, पण त्यात जीव नव्हता. "बाई, चौथा महिना लाल आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुमची चौथी-पाचवी बोरवंडीच्या समूह शाळेत जाईल. आदेशाचा नमुनासुद्धा येऊन पडलाय. फक्त गावाचं नाव भरायचं बाकी आहे."

बोरवंडी चौदा किलोमीटर. मध्ये घाट. मुलांना न्यायला बिनचालकाची बस येणार असं कागदावर होतं. घाटातल्या त्या रस्त्यावर चालक असलेली बस यायलाही कुरकुर करायची. चौथी-पाचवीची मिळून पस्तीस मुलं. त्यातली किती घाट ओलांडतील आणि किती शेळ्यांमागे जातील, हे बाईंना बोटांवर सांगता आलं असतं.  त्यांनी फोन ठेवला आणि त्या वर्गात गेल्या.

आता, ही लाल-हिरवी यादी येत कुठून होती ते सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला एक 'जाणती पाटी' मिळाली होती. दिसायला जुन्या दगडी पाटीसारखीच काळी आणि लाकडी चौकटीची. पण तिच्या काचेखाली केसाहून बारीक तारांची जाळी होती. पेन कुठे आहे, किती दाबलं आहे, कधी उचललं, हे ती जाळी सेकंदाला दोनशे वेळा टिपायची. यामागचं शास्त्र साधं होतं. जे आपल्याला पक्कं येतं ते लिहिताना हात वाहत जातो. सायकल येणारा माणूस हँडलकडे बघत बसतो का? जिथे मनात शंका असते तिथे मात्र हात क्षणभर थबकतो, पेनाचा दाब वाढतो. ही थबक पाव सेकंदाचीसुद्धा असेल, शेजारी बसलेल्या आईलाही दिसणार नाही, पण पाटीला दिसते. अशा हजारो थबकी जोडून पाटी मुलाच्या समजुतीचा नकाशा काढायची. कुठे पक्कं, कुठे कच्चं. कच्चं असेल तिथे ती लगेच सोपं गणित पुढे करायची.

कल्पना चांगलीच होती. पहिल्या वर्षी कित्येक मुलांचा जो कच्चा पाया कोणाच्या लक्षात आला नव्हता तो पाटीने दाखवून दिला. बाईंनी स्वतः केंद्राच्या बैठकीत पाटीचं कौतुक केलं होतं. मग दुसऱ्या वर्षी त्या थबकींचा एक आकडा काढायचं ठरलं. थबक कमी तर शाळा हिरवी, जास्त तर लाल. उत्तर चुकलं तरी आकडा फारसा हलत नसे. चूक आज आहे, उद्या सुधारेल, पण थबक म्हणजे मुळातलाच कच्चेपणा, असं पाटी बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं.

त्याच दुपारी जिल्ह्याच्या गुणवत्ता कक्षातून प्रफुल्ल डोईफोडे यांचा फोन आला. पडद्यावर तिशीतला चेहरा, डोळ्यांखाली काळं. माणूस उर्मट नव्हता. झोप कमी झालेला होता.

"बाई, तुमच्या चौथीची अकरा मुलं मंगळवारी भागाकार शिकली, बुधवारी विसरली आणि गुरुवारी पुन्हा शिकली. असं कोणाच्या मेंदूत होत नाही."

"आमच्या घरी मोठी माणसंही असंच करतात, साहेब."

डोईफोडे हसले नाहीत. "दोनच शक्यता आहेत. एक तर पाट्या बिघडल्यात. त्या आम्ही तपासल्या, ठीक आहेत. नाहीतर मुलांच्या पाटीवर दुसरंच कोणीतरी लिहितंय."

बाईंचे कान तापले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाला उत्तर सांगून पास केलं नव्हतं. "माझ्या वर्गात कॉपी होत नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. रागात घातलेलं गणित मुलांनी सोडवलं. बाईंनी नेहमीसारखी हाक दिली, "पाट्या बदला!" आणि पस्तीस पाट्या या हातातून त्या हातात गेल्या.

दारात रझाक सर उभे होते. शाळेतले दुसरे आणि शेवटचे शिक्षक. पहिली ते तिसरी त्यांच्याकडे. ते तसेच उभे राहिले.

"बाई, हे काय चाललंय?"

"रोजचंच. काय झालं?"

"हेच तर झालंय!" रझाक सरांनी कपाळावर हात मारला. "दुसरंच कोणीतरी लिहितंय म्हणाले ना साहेब? हे बघा!"

बाई बघतच राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. आणि मग हसू थांबलं.

पाट्या बदलणं ही त्यांच्या वर्गातली इतकी जुनी रीत होती, की ती कोणाला सांगावी असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. श्वास घेतो असं कोणी अहवालात लिहितं का? त्या स्वतः चौथीत असताना त्यांच्या गुरुजींनी हे शिकवलं होतं. गणित झालं की शेजाऱ्याची पाटी घ्यायची आणि तपासायची. नियम एकच: खोडायचं नाही, टिंब द्यायचं. जिथे गाडी रुळावरून घसरली नेमकं तिथे खाली एक टिंब, आणि मग ज्याची पाटी त्याला कारण सांगायचं. कित्येकदा मुलं तीच पाटी घेऊन पुढची दोन-तीन गणितंही सोडवून टाकायची. पाटीच्या मागे फोटो एकाचा, समोर हात दुसऱ्याचा. पाटीला हात ओळखता येत नव्हता. तशी गरज पडेल असं ती बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं.

"आता काय करायचं?" रझाक सरांनी विचारलं.

"काय करणार? बंद करायचं," बाई म्हणाल्या. "वर्ग तर वाचू दे."

दुसऱ्या दिवसापासून ज्याची पाटी त्याच्यापाशी. आणि खरंच, पंधरा दिवसांत कोळंबखेड लालातून नारिंगीत आलं, तीन आठवड्यांत पिवळ्यात. सय्यद सरांनी फोनवरूनच पेढे मागितले. डोईफोड्यांनी कळवलं, "महिनाअखेरीस स्वतः येऊन बघतो. असंच राहिलं तर आदेश रद्द."

वर्ग शांत झाला. आधी बाईंना बरं वाटलं. मग ती शांतता त्यांना टोचायला लागली. वर्ग शिकत असतो तेव्हा त्याचा एक आवाज असतो, चुलीवर भात रटरटतो तसा. तो आवाज गेला होता.

एके दिवशी त्यांनी पाहिलं, वर्गातला हुशार मुलगा यशराज पाटीच्या कोपऱ्यात पेनाने गोल गोल काढतोय.

"हे काय रे?"

"बोरवंडीच्या मामेभावानं शिकवलं, बाई. विचार करताना पेन फिरवत राहायचं. मग पाटीला वाटतं, आपल्याला येतंय."

"आणि येतं का?"

"ते नंतर बघायचं," यशराज अगदी मनापासून म्हणाला.

आठवड्याभरात निम्म्या वर्गाच्या पाट्यांच्या कोपऱ्यात गोलच गोल दिसू लागले. आणि कार्तिकी राठोड शाळेत यायची बंद झाली.

कार्तिकी चौथीतली. अर्ध्या कोसावरच्या तांड्यावरून यायची. स्वतःची गणितं ती फार सावकाश करायची. पेन पाटीवर टेकवून कितीतरी वेळ बघत राहायची. पण शेजारच्या विराजची, नाहीतर आणखी कोणाची पाटी हातात आली की हीच पोरगी अशी काही चूक काढायची, की बाईंनाही दोनदा बघावं लागायचं. ती तीन दिवस आली नाही तेव्हा शाळा सुटल्यावर बाई तांड्यावर गेल्या. तिचे वडील देवसिंग विहिरीवरच्या मोटारीचं झाकण उघडून बसले होते.

"या बाई, बसा. मीच येणार होतो. पोरगी म्हणती, पाटी तिला येडी समजती."

"कार्तिकी, खरं का गं?"

कार्तिकी खांबाआडून बोलली. "मी थांबले की ती सोपं गणित देती. अजून थांबले की अजून सोपं. आता दुसरीचं देऊ लागलीय. मला सोपं नको, बाई."

"मग काय हवं?"

"विराजचं."

"विराजचं काय?"

"त्याची चूक."

देवसिंग हसले. "ऐका! लोक दुसऱ्याचा डबा मागतात, हिला दुसऱ्याची चूक पाहिजे." मग ते गंभीर झाले. "बाई, एक इचारू? पाचवी बोरवंडीला जाणार म्हणतात. मी पोरीला घाटातनं नाही धाडणार. इथं असंल तवर शिकंल. पण इथंही तिचं मन लागंना, तर मग कशाला ओढायचं?"

 "सोमवारी पाठवा," एवढंच त्या म्हणाल्या. "एक दिवस पाठवा. मग तुम्ही ठरवा."

सोमवारीच डोईफोडे येणार होते. परतताना बाईंनी रझाक सरांना गाठलं आणि मनातलं सांगितलं: सोमवारी साहेबांसमोरच पाट्या बदलायच्या. 

"बाई, तुमची दोन वर्षं राहिलीत. माझी एकोणतीस आहेत," सर म्हणाले. "पिवळ्यात आलोय. एकच दिवस गप्प बसायचंय. साहेब गेले की वाटलं तर रोज बदला पाट्या."

"आणि पाटी पुन्हा लाल दाखवेल. मग पुन्हा बंद. रझाक, वर्ग वाचवायचाय तो कशासाठी? गोल काढायला?"

"वर्गच गेला तर काय शिकवाल?"

दोघांचंही खरं होतं. दोघं आपापल्या वाटेने घरी गेले.

सोमवारी डोईफोडे मागच्या बाकावर बसले. त्यांच्या हातात त्यांची पाटी होती आणि तिच्यावर पस्तीस मुलांचे आलेख हलत होते. कार्तिकी आली होती. भिंतीला टेकून शेवटी बसली होती. बाईंनी फळ्यावर लिहिलं: ८१२ भागिले ४.

पेनं चालू लागली. कुठे थबक नाही. डोईफोड्यांच्या पाटीवर हिरवळ पसरली. ते समाधानाने मान डोलवत होते. बाई रांगांमधून फिरल्या. तेवीस, तेवीस, तेवीस. वीस-बावीस पाट्यांवर तेवीस! आणि एकाचाही हात अडला नव्हता.

बाईंनी दाराकडे पाहिलं. रझाक सर तिसरीचा वर्ग सोडून तिथे उभे होते. त्यांनी मान खाली घातली, मग वर केली आणि हळूच होकार दिला.

"पाट्या बदला!" बाई म्हणाल्या.

क्षणभर कोणी हललं नाही. महिनाभर बंद असलेली गोष्ट होती ती. मग विराज ओरडला, "खरंच?" आणि वर्गात एकच गलका उडाला. बाक सरकले, पाट्या फिरल्या, "अरे, इथं बघ", "सांग ना का", "टिंब दे, खोडू नको!" भात पुन्हा रटरटायला लागला. डोईफोड्यांच्या हातातले आलेख एकेक करून लाल होत गेले.

"बाई, हे काय करताय? थांबवा!" ते उठले.

तेवढ्यात कार्तिकीचा बारीक आवाज आला. "बाई, मला कोणी उरलं नाही."

पस्तीस विषम. एक उरतोच.

"साहेब उरलेत की," बाई म्हणाल्या. "साहेब, फळ्यावरचं गणित करा आणि पाटी हिच्याकडे द्या."

सगळा वर्ग मागे वळला. एवढ्या डोळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? डोईफोड्यांनी बोटाने झरझर लिहिलं. कितीतरी वर्षांत त्यांनी हाताने भागाकार केला नव्हता. चार दुणे आठ, एकाला जात नाही, वरून दोन घेतले, चार त्रिक बारा. पाटी त्यांनी कार्तिकीच्या हातात दिली.

कार्तिकीने पेन पाटीवर टेकवलं आणि ती थांबली. दोन सेकंद. पाच. दहा. वर्ग शांत झाला, पण ही शांतता निराळी होती. कोणी तिला घाई केली नाही. मग तिने दोन आणि तीन यांच्यामध्ये, खाली, एक टिंब दिलं.

"सर, एकाला चार जात नाहीत, म्हणून तिथं कोणीच नाही. पण कोणी नसलं तरी जागा ठेवायची. शून्य मांडायचं. मी तीन दिवस नव्हते, तरी बाईंनी हजेरीत माझी ओळ काढून टाकली का? नाही ना? दोनशे तीन येतं, सर."

डोईफोड्यांनी पाटीकडे पाहिलं. तेवीस चोक ब्याण्णव. आठशे बाराच्या जवळपाससुद्धा नाही. त्यांचे कान लाल झाले. यशराज खुदकन हसला आणि मग सगळाच वर्ग. शेवटी साहेबही हसले; बाईंनी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"तुला कसं कळलं गं?"

"विराज रोज हीच चूक करतो."

"रोज नाही!" विराज म्हणाला. "मंगळवारी नाही केली."

पण डोईफोडे आता दुसरीकडेच बघत होते. पाटीवर त्यांचं नाव होतं आणि नावापुढे दहा सेकंदांची लाल रेघ. "ही थबक माझ्या नावावर पडली," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "मी तर थांबलोच नव्हतो. मी न थांबता चुकलो. थांबली ती, आणि तिचं बरोबर आलं." ते बाकावर बसले. "बाई, म्हणजे ती अकरा मुलं..."

"चोरी नव्हती, साहेब. सांगायचं सुचलं नाही. चूक माझी."

"त्या तीन महिन्यांची सगळी पानं साठवलेली आहेत. पण कोणतं कोणाच्या हातचं, हे आता कसं वेगळं काढणार? यंत्राला ते येत नाही."

"कार्तिकीला येतं," बाई म्हणाल्या.

खिचडीच्या सुट्टीत व्हरांड्यात पाटी मध्ये ठेवून साहेब आणि कार्तिकी बसले. साहेब पान उघडायचे, ती बघायची. "नाव यशराजचं हाय, पण हे विराजनं केलंय. तो साताचं पोट कापतो." पुढचं पान. "हे ईश्वरीचं टिंब. ती लई दाबून देती." पुढचं. "हे यशराजचंच. तो हातचा घेतो, पण मिळवायला विसरतो. त्याला घाई असती." रझाक सरांनी दोन ताटं आणून ठेवली. खिचडी गार झाली, तरी दोघं उठले नाहीत. शाळा सुटेपर्यंत तीनशे पानं वेगळी झाली.

त्या तीनशे पानांवरून डोईफोड्यांनी यंत्राला हात ओळखायला शिकवलं. प्रत्येकाचा दाब, प्रत्येकाचं वळण. मग उरलेली हजारो पानं यंत्राने स्वतः वेगळी केली, आणि तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. या वेळी येण्याआधी त्यांनी विचारलं होतं, येऊ का म्हणून.

"बाई, थबक दोन जातींची असते," त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. "एक अडलेली. तिथे पेनाचा दाब वाढत जातो आणि शेवटी हात सुटतो. दुसरी तोलणारी. मन दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून बघत असतं. तिथे दाब वर-खाली होतो, श्वास घेतल्यासारखा. आम्ही दोन्ही एकाच पारड्यात टाकत होतो. दुसऱ्याची चूक शोधताना तोलणारी थबक सगळ्यात मोठी असते. आणि जे मूल आज दुसऱ्याच्या पाटीवर तसं थबकलं, त्याची स्वतःची तीच चूक आठवड्यात निम्म्यावर येते." त्यांनी खडू खाली ठेवला. "मग मी एका हिरव्यागार शाळेत साधा कागद घेऊन गेलो. आठशे बारा भागिले चार घातलं."

"तेवीस?" बाईंनी विचारलं.

"तेवीस. भराभर. काही पोरांनी तर कागदाच्या कोपऱ्यात गोलही काढले."

सगळं एकदम बदललं नाही. अशा गोष्टी बदलायला वेळ लागतो. चौथी-पाचवी हलवायचा आदेश आधी वर्षासाठी स्थगित झाला. रद्द व्हायला पुढचा जून उजाडला. लाल-हिरवी यादी मात्र त्याच दिवाळीनंतर बंद झाली, आणि बारा शाळांत पाट्या बदलण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथे शिकवायला रझाक सर जाऊ लागले. ते जिथे जात तिथे सुरुवातीला सांगत, "मी याच्या विरोधात होतो. म्हणून माझ्यावर जास्त विश्वास ठेवा."

जूनमध्ये शाळा उघडली. कार्तिकी पाचवीच्या रांगेत, कोळंबखेडच्याच वर्गात बसली होती. त्या आठवड्यात जिल्ह्याहून एक पाकीट आलं. आत सर्व शाळांना पाठवायच्या परिपत्रकाचा मसुदा होता आणि वर डोईफोड्यांच्या हातची चिठ्ठी: "पाठवण्यापूर्वी पाटी बदलतो आहे. कृपया तपासून द्यावी."

बाईंनी मसुदा वर्गात मोठ्याने वाचला. जड शब्द आला की सोपा करून सांगितला. "मूल गणित सोडवताना थबकल्यास पाटीने त्याला ताबडतोब मदत करावी."

कार्तिकीने कागद मागितला. तिने पेन टेकवलं आणि ती थांबली. विराज काहीतरी बोलणार होता. यशराजने त्याचा हात दाबला. बाहेर गेटापाशी देवसिंग मोटारीचं काहीतरी सामान घेऊन चालले होते, तेही खिडकीशी उभे राहिले.

मग कार्तिकीने एका शब्दाखाली टिंब दिलं. 'ताबडतोब'खाली.

"का गं?" बाईंनी विचारलं.

"लगेच नको, बाई," कार्तिकी म्हणाली. "थोडं थांबू द्या. मिळत असतं."

बाईंनी कागद हातात घेतला. तो पुन्हा स्वच्छ लिहून काढावा असं त्यांच्या क्षणभर मनात आलं. पण खोडायचं नाही, हा नियमच होता. त्यांनी मसुदा टिंबासकट पाकिटात घातला.